मागे बघणारा माणूस

आधी माझं मत सांगून टाकतो. नेटवर झाडं पाडण्याचे जे व्हिडिओ फिरतात, त्यातले दहापैकी आठ बघण्याच्या लायकीचे नसतात. मशीनचा आवाज, उडणारा भुसा, वर ढणढण संगीत, आणि झाड धाडकन खाली आलं की एक पठ्ठ्या कॅमेऱ्याकडे बघून अंगठा दाखवतो. लाखो लोक टाळ्या पिटतात. अरे, बुडाशी कापलं की कुठलंही झाड पडतं, त्यात तुझं काय कौतुक? तू म्हणालास तिथे पडलं का, आणि ते पडताना तू कुठे उभा होतास, ते दाखव.

पस्तीस वर्षं मी हे काम केलं. आता सकाळी चहा घेऊन खिडकीपाशी बसतो आणि मुलीने दिलेल्या फोनवर परक्या लोकांची कामं तपासतो. 'जुना हात' या नावाने खाली शेरा लिहितो. दहापैकी तीन. दहापैकी चार. बहुतेक वेळा नुसतंच 'बुडखा दाखवा.'

कारण झाड कसं पाडलं ते सगळं बुडख्यावर उमटलेलं असतं. ज्या बाजूला पाडायचं तिकडे खाच, मागच्या बाजूने काप, आणि दोन्हींच्या मधे अंगठ्याएवढी न कापलेली लाकडाची पट्टी. दाराच्या बिजागरीसारखी ती झाडाला धरून ठेवते आणि वळवत खाली नेते. पट्टी एकसारखी असेल तर माणसाचा हात शांत होता. एका टोकाला निमुळती झाली असेल तर तो घाईत होता नाहीतर घाबरला होता. पट्टी शिल्लकच नसेल तर तो त्या दिवशी केवळ नशिबाने घरी गेला. आणि ही मंडळी नेमका बुडखाच दाखवत नाहीत.

"बाबा, लोक तुम्हाला काय म्हणतात माहितीये का?" मुलगी एकदा फोनवर म्हणाली. "खडूस आजोबा."

"म्हणू देत. बुडखा दाखवला का त्यांनी?"

ती खूप हसली. मग तिला ऑफिसला उशीर होत होता म्हणून तिने फोन ठेवला, आणि घर पुन्हा गप्प झालं. ओट्यावरच्या खिळ्यांना दोन कप टांगलेले आहेत. एक मी रोज वापरतो. दुसरा बायकोचा. ती जाऊन तीन वर्षं झाली, पण त्यावर धूळ बसलेली मला बघवत नाही, म्हणून दर रविवारी तोही विसळतो. खरं सांगायचं तर ते शेरे मी शिकवण्यासाठी लिहीत नव्हतो. कुणीतरी चिडून उलट उत्तर द्यावं, एवढीच आशा असायची. भांडण का होईना, पण माझ्याशी.

गेल्या महिन्यात एका सकाळी असाच एक व्हिडिओ समोर आला. 'कुंपणाजवळचं झाड.' फक्त एक्केचाळीस जणांनी बघितलेला. संगीत नाही, बडबड नाही. फोन कशाला तरी टेकवून ठेवलेला, थोडा तिरका. डोक्यावर हेल्मेट घातलेला एक माणूस, पाठमोरा. पहिली चार मिनिटं त्याने मशीन चालूच केलं नाही. झाडाभोवती फिरला. कुऱ्हाड दांड्याच्या टोकाला सैल धरून ओळंब्यासारखी डोळ्यांसमोर लोंबू दिली आणि झाडाचा कल बघितला. कुऱ्हाडीच्या पाठीने खोडावर ठोकून आतून पोकळ आहे का ते ऐकलं. मग मागे हटायची वाट साफ केली. फांद्या पायाने बाजूला सारल्या आणि त्या वाटेवरून दोनदा उलटं चालून पाहिलं.

मी सुखावलो. चांगला पाडणारा कापायला लागण्याआधीच कळतो. बाकीचं मशीन करतं. मी लिहायलाही घेतलं, 'दहापैकी आठ'. माझ्याकडून आजवर कुणाला सातच्या वर मिळालेले नाहीत. तो डावा पाय जरा ओढत होता, तेही मला उशिरा दिसलं.

त्याने खाच घेतली. स्वच्छ घेतली. मग मागच्या कापाआधी मशीन मंद केलं, ताठ उभा राहिला आणि मोठ्याने ओरडला, "मागे?"

माझ्या हातातला चहा बशीत सांडला.

हा नियम माझा आहे. दुसऱ्या कुठल्याही टोळीत तो नव्हता, उलट लोक आम्हाला हसायचे. कापणाऱ्याचे डोळे कापावरून हलता कामा नयेत, म्हणून जोडीदाराचे डोळे त्याचे. शेवटचा काप घेण्याआधी कापणाऱ्याने 'मागे?' असं विचारायचं. मागे म्हणजे मागे, दोन्ही बाजूंना आणि वर. जोडीदाराने सगळं बघून 'मोकळं' म्हणायचं, नाहीतर 'थांब'. उत्तर आल्याशिवाय पातं लाकडाला लागायचं नाही. हे मी एकाच माणसाला शिकवलं होतं. माझ्या मेव्हण्याला, बायकोच्या धाकट्या भावाला. बावीस वर्षं आम्ही जोडीने काम केलं.

व्हिडिओत तो थांबला होता. दोन श्वास, तीन श्वास. मान किंचित डावीकडे वळलेली, जिथे मी उभा राहायचो तिकडे. तिथे कुणीच नव्हतं. मग त्याने मशीन खाली ठेवलं, स्वतः मागे गेला, एकेका झाडाखाली उभं राहून वर बघितलं, परत आला आणि काप घेतला. कुंपणाच्या दोन खांबांच्या बरोबर मधे झाड निजलं. शेवटी त्याने फोन उचलला आणि काही न बोलता बुडख्यासमोर धरला. पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखी होती.

खाली दोन शेरे होते. एकाने विचारलं होतं, 'काका, कुणाशी बोलताय?' दुसऱ्याने लिहिलं होतं, 'भुताला विचारतोय, हाहाहा.' मी माझे आठ गुण पुसून टाकले.

नऊ वर्षांपूर्वी त्याने असंच विचारलं होतं. मी खाली बसून डब्याचं झाकण उघडत होतो. ते घट्ट बसलं होतं. तोंडातून सवयीने 'मोकळं' निघून गेलं, मान वर न करता. वर एक वाळकी फांदी अडकलेली होती. झाड हललं तशी ती सुटली. तो मागे सरकला, पण पाय फांदीखाली सापडला. तीन ठिकाणी मोडला.

दवाखान्यात मी सगळ्यांना सांगितलं, "मी बघितलं होतं हो, पण पानांत दिसलीच नाही." बायकोलाही तेच सांगितलं. तो पलीकडच्या खाटेवर पडून ऐकत होता. एक अक्षर बोलला नाही. त्यानंतर मी काम सोडलं आणि आठवड्याभरात त्याच्याकडे जाणंही. आधी केलेल्या गोष्टीची लाज वाटायची, नंतर न गेल्याची. "एकदा जाऊन या ना," बायको म्हणायची. मी उद्यावर ढकलायचो. ती गेली त्या दिवशी तो काठी टेकत आला होता. मी आतल्या खोलीत जाऊन बसलो आणि तो जाईपर्यंत बाहेर आलो नाही. इतका मी भित्रा माणूस आहे, आणि लोकांना गुण वाटत बसतो.

त्याचे सगळे व्हिडिओ मी बघून काढले. अकरा होते. प्रत्येकात तो विचारतो, थांबतो, मग स्वतः बघतो. सातव्या व्हिडिओला माझ्याच्याने राहवलं नाही. त्याने "मागे?" म्हटलं आणि मी त्या रिकाम्या घरात मोठ्याने म्हणालो, "मोकळं!" भिंतींनी ऐकलं असेल तेवढंच. मग लक्षात आलं, मी पुन्हा एकदा न बघता बोललो होतो. मी फोन उपडा ठेवला.

आदल्याच दिवशी टाकलेल्या अकराव्या व्हिडिओच्या शेवटी तो पहिल्यांदा दोन वाक्यं बोलला. "शुक्रवारी पाण्याच्या टाकीमागची वाळकी निलगिरी उतरवायची आहे. दोन माणसांचं काम आहे, बघू."

मी मुलीला फोन लावला. "मामा शुक्रवारी एकटाच आहे का गं?"

ती म्हणाली, "बाबा, नऊ वर्षांत पहिल्यांदा मामाचं नाव काढलंत."

"विचारलं तेवढं सांग."

"एकटाच असतो. मी किती वेळा सांगितलं, हाताखाली माणूस ठेव म्हणून. तो म्हणतो, दोघातिघांना ठेवून बघितलं, पण त्यांना बघताच येत नाही."

शुक्रवारी पहिल्या बसने त्याच्या गावाला निघालो. माळ्यावरचे बूट काढले होते, ते वाळून इतके कडक झाले होते की घोट्याला चावत होते. बसमध्ये मी एकच वाक्य घोकत होतो. दोन थांबे आधी उतरून परत फिरावं असंही वाटलं, आणि मी उठून दारापर्यंत गेलोही होतो. पण कंडक्टर म्हणाला, "आजोबा, टाकी अजून पुढे आहे." त्याला तिकीट काढताना मीच सांगितलं होतं. मी परत जाऊन बसलो.

तो टाकीच्या चौथऱ्यावर बसून मशीनच्या साखळीला कानस मारत होता. केस पार पिकले होते. मला बघून त्याचा हात थांबला.

"दाजी," तो म्हणाला. मग त्याने माझ्या पायांकडे बघितलं. "बूट घातलेत. बरं केलंत."

पिशवीतून त्याने दुसरं हेल्मेट काढून माझ्यापुढे धरलं. डोक्यावर चढवलं तर पट्टा माझ्याच मापाला लावलेला. ते माझंच होतं. पाय मोडला त्या दिवशी त्याच्याकडे राहिलं होतं.

आता बोललो नाही तर कधीच बोलणार नाही, हे मला माहीत होतं. "हे बघ, त्या दिवशी मी बघितलं नव्हतं. डबा उघडत होतो. सगळ्यांना खोटं सांगितलं. तुझ्या ताईलासुद्धा."

त्याने कानस पुढच्या दाताला लावली. "माहितीये."

"कसं काय?"

"शब्द फार लवकर आला. तुम्ही खरंच बघता तेव्हा किती वेळ लावता! माझे हात भरून यायचे मशीन धरून."

मला एकदम राग आला. त्याचा की माझा, कोण जाणे. "अरे, मग कळलं होतं तर कापलंस कशाला?"

"तुम्ही मोकळं म्हणालात म्हणून," तो म्हणाला.

मी जाऊन टाकीचा गळका नळ आवळला. तिथूनच विचारलं, "मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"कुणाशी बोलू, दाजी? तुम्ही आलाच नाहीत."

एवढंच बोलणं झालं. त्याने मशीन उचललं आणि आम्ही झाडाकडे गेलो. उभंच्या उभं वाळलेलं झाड, साल लोंबणारं. अशा झाडावर पाचर ठोकली तरी वरपर्यंत हादरा जातो. त्याने कल बघितला, वाट साफ केली, उलटं चालून पाहिलं. मी तिरका मागे, माझ्या जुन्या जागी उभा राहिलो. त्याने खाच घेतली. मी मनातल्या मनात दहापैकी नऊ दिले. एक हातचा राखला, नाहीतर तो शेफारायचा.

मग मशीन मंद झालं. तो ताठ उभा राहिला. मान जराही वळवली नाही.

"मागे?"

मी मागे वळून बघितलं. वाट मोकळी. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, टाकीच्या पलीकडेही दोन पावलं जाऊन बघितलं. मग वर. पहिल्यांदा काहीच दिसलं नाही. शब्द जिभेवर आला होता, तो गिळला. जागा बदलली, उन्हाला हाताचा आडोसा धरला आणि शेजारच्या झाडाचा शेंडा फांदी-फांदी करून तपासला. तो तसाच उभा होता, मशीन हातात धरून. त्याचे हात भरून आले असणार. पण त्याने पुन्हा विचारलं नाही.

दोन फांद्यांच्या बेचक्यात, सालीच्या रंगाचीच, माणसाच्या मांडीएवढी एक तुटकी फांदी अडकून बसली होती.

"थांब!" मी ओरडलो. आवाज फाटला.

त्याने तिथल्या तिथे मशीन बंद केलं. वर बघितलं नाही. मशीन खाली ठेवलं आणि पाय ओढत, साफ केलेल्या वाटेने सरळ माझ्यापाशी चालत आला. माझ्या शेजारी येऊन उभा राहिला, आणि मगच त्याने मान वर केली.

"कुठली?" त्याने विचारलं.