उजवा खांदा धड आहे

बेर्नातचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. हे कुणाला कळू नये म्हणून त्या बाबाने जेवढी अक्कल खर्च केली, तेवढी उभ्या आयुष्यात कशावर केली नव्हती. शर्ट घालताना आधी उजवी बाही, मग डोकं, मग डावी. केस विंचरायचे डाव्या हाताने. बारमधे दारूची सुरई फिरत आली की म्हणायचं, आज पोट बरं नाही. आता आमच्या गावात सुरई उंच धरून तोंडात धार सोडायला नाही म्हणणारा माणूस म्हणजे एकतर मेलेला किंवा नवीन लग्न झालेला. तेव्हा लोक त्याच्याकडे जरा बघायला लागले होते, आणि त्याचा जीव खालीवर व्हायला लागला होता.

कारण रविवारी जत्रा होती. जत्रेत आमचं पथक चौकात मनोरा रचतं, माणसांचा, आठ थरांचा. खाली पायाची तीन माणसं आणि त्यांना चहूबाजूंनी कवटाळून दाबणारा दोनेकशे गावकऱ्यांचा गराडा. त्या तिघांच्या खांद्यांवर दुसऱ्या थराचे तीन, त्यांच्यावर तिसऱ्याचे, असं वर वर. दुसऱ्या थरातला एक बेर्नात. अंगाने आडवा, मान बैलासारखी, वीस वर्षं त्याच जागी. सगळ्यात वर एकटं पोर चढतं, एक हात उंच करतं, की मनोरा पुरा. आणि ते पोर म्हणजे यंदा बेर्नातची स्वतःचीच मुलगी होती, एस्तेल, आठ वर्षांची.

हात गेला तो सरावात. उन्हाळा संपत आला होता, पथकाच्या जुन्या गोदामात सराव चालला होता. वरच्या कुणाचा तरी गुडघा लटपटला, मनोरा डावीकडे कलला आणि बसला. पोरं गराड्यावर पडली, माणसांच्या अंगावर, हेल्मेटं होतीच. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. बेर्नात मात्र उजवा हात पुढे टाकून पडला आणि तो हात दोन माणसांच्या मधे सापडला. खांद्यात आत कुठेतरी काहीतरी सुटल्यासारखं झालं. तो हसतच उठला. आपल्याकडे पडलेला माणूस आधी हसतो, मग बघतो काय मोडलंय.

पथकाचा नायक मातिएस धावत आला. हा मातिएस बेर्नातचा बालमित्र, आवाज असा की गोदामातली कबुतरं उडावीत. "काय रे, खांदा?"

"थोडा मुका मार."

"भिंतीला लाग बघू."

आता ही आमची तपासणीची रीत. खांदा धड आहे का हे बघायचं, तर माणसाला भिंतीशी उभं करायचं आणि त्याच्या खांद्यावर माणूस चढवायचा. पेललं तर खांदा चांगला. आजोबा-पणजोबांपासून हेच. बेर्नातच्या खांद्यावर मातिएसने एक चढवला, त्याच्या खांद्यावर दुसरा. बेर्नात हात लोंबते ठेवून दगडासारखा उभा राहिला.

"दुखतंय?"

"वजनाने नाही दुखत."

ते खरंही होतं. म्हणूनच तर सगळा घोळ झाला. "उजवा खांदा धड आहे," असं मातिएसने ओरडून सांगितलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि बेर्नातनेही ते मनोमन धरून ठेवलं. दोन माणसं पेलली म्हणजे काय व्हायचंय.

पण त्या रात्रीपासून उजव्या कुशीवर झोपता येईना. दुखायचं तेही खांद्यावर नाही, खाली दंडात, बाहेरच्या अंगाला. हात पुढे न्यायला जरा तरी यायचा. बाजूला उचलायचा म्हटलं की अर्ध्यात अडायचा आणि मग जीवच नसल्यासारखा खाली यायचा. डाव्या हाताने उचलून धरला तर मात्र खुशाल वरपर्यंत जायचा. हे त्याला मोठं कोडंच होतं. हात अडत नाही, पण स्वतःहून जात नाही, असं कसं? तो बाथरूममधे दार लावून पुन्हा पुन्हा करून बघायचा. काल थोडा जास्त गेला होता का? नाही. आज? आजही नाही.

त्याची बायको रेमेइ बेकरीत काम करायची. तिच्या नजरेतून पिठाचा कण सुटत नाही, नवरा कसा सुटेल?

"डॉक्टरकडे जा."

"मुका मार आहे गं. आठवड्यात जाईल."

"मागच्या आठवड्यातही आठवड्यातच जाणार होता."

"मातिएसने तपासला ना."

"मातिएसने माझी शिलाई मशीनपण तपासली होती. अजून चालत नाही ती."

तरी तिने रोझमेरी घातलेलं अल्कोहोल काढून दंड चोळून दिला, गोठवलेल्या मटारची पिशवी फडक्यात गुंडाळून लावली. दुखणं अंगावर काढायची त्याची सवय तिला ठाऊक होती. चिडून तरी किती चिडायचं? बदामाचे दिवस होते. लांब काठीने बदाम झोडायचे, हात सतत वर. बेर्नात बागेत गेला आणि काठी भावाच्या हातात देऊन स्वतः खाली जाळी ओढत बसला. भाऊ म्हणाला, "काय साहेब, म्हातारे झालात?" बेर्नात जाळीच ओढत राहिला. एरवी त्याने चार शिव्या तरी दिल्या असत्या.

खरी भीती त्याला वेगळीच होती. त्याच्या जागेवर डोळा ठेवून ओलेगेर बसला होता. पंचविशीचा पोरगा, सुताराचा, खांदे असे की वर टेबल मांडावं. वाईट नव्हता बिचारा. सरावाला सगळ्यांच्या आधी यायचा, बेर्नातला पाणी आणून द्यायचा, "तुम्ही पाय कसा लावता ते दाखवा ना," म्हणायचा. त्यामुळे बेर्नातला तो आणखीच खुपायचा. एकदा का ती जागा गेली की परत मिळत नाही हे त्याला माहीत होतं. त्यालाही ती अशीच मिळाली होती, एका चांगल्या माणसाची कंबर धरल्यावर. आणि यंदा वर एस्तेल. पोरगी शेवटच्या थरावर आणि आपण गराड्यात लोकांच्या घामात नाक खुपसून उभे, हे त्याला सहन होण्यासारखं नव्हतं.

म्हणून त्याने युक्ती काढली. दुसऱ्या थरातली तिघं एकमेकांचे दंड घट्ट धरतात, सगळा मनोरा त्या पकडीवर. बेर्नातने उजव्या हाताने दंड धरणं सोडलं. शेजाऱ्याच्या शर्टात बोटं अडकवायची, कोपर छातीशी दाबून ठेवायचं. लांबून बघणाऱ्याला धरलंय असंच वाटतं. शेजारी बिचारा मान खाली घालून स्वतःचंच मरण मोजत असतो, त्याला काय कळतंय. दोन सराव असे गेले. मनोरा उभा राहिला, उतरला. एस्तेल वर गेली, हात केला, खाली आली. बेर्नातला वाटलं, निभलं.

शुक्रवारी शेवटचा सराव झाला. मंडळी भाजलेल्या सॉसेजच्या वासाने अंगणाकडे पळाली. बेर्नात आत बाकावर बसून कमरेचा शेला सोडत होता. काळा, लांबलचक शेला, आठ-दहा वेढे. एरवी कुणीतरी टोक धरायचं आणि हा गिरक्या घेत सुटायचा. आज तो एकटाच डाव्या हाताने ओढत बसला होता. एस्तेल पाव खात आली आणि तिने न विचारता टोक धरलं.

तिचा डावा गुडघा सोलला होता. ताजा.

"हे कुठे लागलं?"

"चढताना. राफेलचं कोपर लागतं मधे."

राफेल म्हणजे बेर्नातच्या डाव्या हाताचा गडी. बेर्नातला काही कळेना. "राफेल तुझ्या वाटेत कुठे येतो? तुझी वाट माझ्या उजव्या अंगाने. आधी शेल्यावर पाय, मग उजव्या खांद्यावर."

"आता मी डावीकडून चढते."

"कुणी सांगितलं? मातिएसने?"

"कुणी नाही." तिने पाव तोंडात कोंबला आणि शेला गुंडाळायला लागली, नीट, दुमडून दुमडून. "तुझा उजवा खांदा खाली जातो ना, बाबा. पाय ठेवला की तू श्वास धरतोस. मग मी तिथे ठेवतच नाही. मधून जाते, तुझ्या आणि राफेलच्या."

बेर्नातच्या तोंडचं पाणी पळालं. मधून. दोन माणसांच्या मधे, जिथे धड पाय ठरायला जागा नाही, तिथून ही पोर गुडघे सोलत जाते, आणि तिच्याखाली एक हात नुसता शर्टाला लोंबतोय.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला माहीतच होतं की."

"मग मातिएसला. आईला."

एस्तेलने त्याच्याकडे बघितलं. रागाने नाही, उलट जरा समजूत काढल्यासारखं. "तू कुणाला सांगितलं नव्हतंस ना. मला वाटलं सांगायचं नाहीये."

त्याला रडूच आलं. पोरीसमोर नको म्हणून तो उठला, अर्धा सुटलेला शेला जमिनीवर फरपटत तसाच अंगणात गेला. मातिएस सॉसेज उलटत होता, हातात चिमटा, तोंडाने सगळ्यांची टिंगल.

"मातिएस, रविवारी मी नाही."

"हो, आणि मी पोप."

"माझा हात वर होत नाही. उन्हाळ्यापासून."

"खांद्यावर दोन माणसं उभी केली होती मी!"

"आजही चार कर. उभी राहतील. वजनाचं काही नाही. हात बघ."

मातिएसने चिमटा ठेवला. त्याने बेर्नातचा उजवा हात मनगटाला धरून बाजूने वर नेला, खांद्याच्या उंचीपर्यंत, आणि सोडला. हात खाली पडला. धपकन.

"मग धरत कशाने होतास?"

बेर्नातने दोन बोटं दाखवली.

मातिएसचा चेहरा पांढरा झाला. तो ओरडला नाही, हेच वाईट. "पोर पडलं असतं तर?"

"माझंच पोर आहे."

"तुझं आहे म्हणूनच विचारतोय."

सॉसेज करपले. ओलेगेर कोपऱ्यात प्लेट धरून उभा होता आणि कुणाकडे बघावं हे त्याला समजत नव्हतं. मातिएसने त्याला बोट केलं. "तू. उद्या सकाळी इथे. एस्तेललापण आण कुणीतरी." मग बेर्नातकडे पाठ करून तो विस्तवाशी गेला. बालमित्र असा पाठ करतो तेव्हा किती लागतं ते बेर्नातला त्या दिवशी कळलं.

घरी रेमेइने सगळं ऐकून घेतलं. गुडघा धुतला, पट्टी लावली, पोरीला झोपायला पाठवलं. मग म्हणाली, "मला नाही सांगितलंस ते जाऊ दे. तू त्या लेकराला तुझं दुखणं सांभाळायला लावलंस." एवढंच. तो रात्रभर खुर्चीत बसून राहिला. तशीही झोप येणार नव्हतीच.

शनिवारी दवाखान्यात तरुण डॉक्टरबाई होत्या. त्यांनी हात बाजूला नेऊन सोडला, पडला. कोपर अंगाशी ठेवून बाहेर ढकलायला लावला, जमेना. एक्स-रे काढला. हाड चांगलं.

"हाड चांगलं म्हणजे खांदा चांगला, असं नाही," त्या म्हणाल्या. "हात उचलणाऱ्या स्नायूची कंडरा, म्हणजे त्याला हाडाशी बांधणारी दोरी, आत तुटलेली दिसतेय. सोनोग्राफी करू. इतके दिवस तपासलं नाही कुणी?"

"तपासलं. खांद्यावर दोन माणसं उभी राहिली होती."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवला. त्याही याच भागातल्या, त्यामुळे हसल्या नाहीत. "वजन मानेजवळ पडतं, हाडावर. ते हाड पेलतं. हात उचलायची दोरी वेगळी, ती तुटली तर वजनाला काय पत्ता? पडल्यावर हात स्वतःहून वर जात नसेल तर त्याच आठवड्यात यायचं. उशीर झाला की ती कंडरा मागे आखडत जाते, शिवणं अवघड होतं." त्यांनी हात झोळीत बांधून दिला, बोटं आणि मनगट हलवत राहायला सांगितलं, चोळायचं नाही म्हणून बजावलं. ऑपरेशन बहुतेक लागेल. पुन्हा मनोऱ्यात कधी, हे बेर्नातने विचारलंच नाही. विचारायचं धाडस नव्हतं.

रविवारी चौक माणसांनी फुलला होता. बेर्नात चर्चच्या पायऱ्यांपाशी झोळीतला हात सांभाळत उभा राहिला, शेजारी रेमेइ. त्याला एका जागी उभं राहवेना. दोन पायऱ्या वर जायचा, पुन्हा खाली यायचा. ढोल वाजला, गराडा आवळला गेला, त्यातून दुसरा थर वर आला. ओलेगेर त्याच्या जागी. आणि खरं सांगायचं तर, त्या क्षणी बेर्नातच्या मनात आलं की हलावं जरा. पडू नये, देवा, पडू नये, पण हलावं. माझ्याशिवाय हलतो हे दिसावं. मनात आलं आणि स्वतःचीच त्याला किळस आली.

मनोरा हलला नाही. तिसरा थर चढला, चौथा, पाचवा. सनई सुरू झाली. मग पोरं निघाली, आणि त्यांच्या मागून एस्तेल.

तिने ओलेगेरच्या शेल्यावर पाय दिला. मग उजव्या खांद्यावर, पूर्ण तळवा, खाली न बघता. आणि पोरगी अशी सुटली की बेर्नातला नजर ठेवता येईना. पाठ, खांदा, पाठ, खांदा. कुठे थांबणं नाही, चाचपणं नाही. लोकांनी श्वास घ्यायच्या आत ती वर होती, हात उंच केला होता, आणि पलीकडून उतरायलाही लागली होती. चौक दणाणला.

रेमेइ डोळे पुसत हसत होती. "बघितलंस का रे? आज किती भरभर चढली."

"ती अशीच चढते," बेर्नात म्हणाला. "मीच तिला सावकाश चढायला लावत होतो."