गुरुवारचा आकडा

वाकडच्या हॉटेलातल्या त्या सभागृहात खुर्च्या ऐंशी होत्या, माणसे एकावन्न. माइक दोन, त्यातला एक बंद. डेटाबेस सांभाळणाऱ्यांची ही शनिवारची परिषद. जेवणाआधीचे शेवटचे भाषण तनुजाचे होते, तिचे पहिलेच.

तिच्या कंपनीचा कारखाना कुरुळीजवळ आहे. त्याचा डेटाबेस ती वाकडच्या ऑफिसातून बघते. दुपारी तीनला शिफ्ट बदलते. जाणारे दिवसभराचे उत्पादन भरतात, येणारे आपले काम उघडतात, आणि त्याच वेळी खोक्यांची लेबले छापायची असतात. दहा सेकंदांत माहिती आली नाही तर प्रिंटर नाद सोडतो. लेबल नसलेले खोके गाडीत चढत नाही. तनुजाने सर्व्हरवर एक इंडेक्स टाकला, म्हणजे सगळ्या नोंदी चाळत न बसता हवी ती नोंद थेट सापडावी.

"आधी अडतीस सेकंद, आता दोन," ती म्हणाली. "दोन्ही वेळा दुपारी तीनलाच मोजलंय."

पहिल्या रांगेत तिचे वरिष्ठ रणजीत सर मान डोलवत होते. या आकड्यावर सोमवारी ते नव्या सर्व्हरची मागणी मागे घेणार होते.

भोसरीच्या एका कंपनीतल्या विजयश्री मॅडमनी हात वर केला.

"दुसऱ्या आकड्याखाली परवाची तारीख आहे. परवा वार कोणता होता?"

"गुरुवार," तनुजा म्हणाली, आणि थांबली.

हसू आधी मागच्या रांगांत फुटले.

"गुरुवारी आमचा सर्व्हरपण रॉकेट असतो, भावा!"

गुरुवारी इथल्या बहुतेक कारखान्यांना सुट्टी असते. सर्व्हरमधले बदलही म्हणूनच गुरुवारी करतात. तनुजाने सकाळी बदल केला, मुद्दाम तीनपर्यंत थांबली आणि मोजले. वेळ तिने काटेकोर जुळवली होती. पण वाकडच्या ऑफिसला सुट्टी शनिवार-रविवारी. परवा तिच्या आजूबाजूची सगळी टेबले भरलेली होती, त्यामुळे तीनला कारखान्यात कोणीच नाही हे तिच्या ध्यानात आले नाही. शुक्रवार भाषणाच्या तयारीत गेला.

"तुमची सुधारणा खोटी आहे असं मी म्हणत नाही," विजयश्री मॅडम म्हणाल्या. "ती अजून मोजलेली नाही."

"बरोबर आहे," तनुजा म्हणाली. पडद्यावरचा दोनाचा आकडा तिने तिथेच खोडला.

जेवताना रणजीत सरांनी ताट घेतले, पण वाढून घेतले नाही. "सोमवारी मी वर काय सांगू?"

"उद्या मोजते, सर."

"उद्या रविवार आहे."

"आपल्याला. कारखान्याला नाही."

रविवारी अडीचला ती कारखान्यात पोचली. लेबलांच्या टेबलावर सुजित होता. तिचा आवाज तो फोनवरून ओळखत होता, चेहरा पहिल्यांदाच पाहत होता.

"रविवारी वाकडची माणसं! काय मोडलंय, मॅडम?"

"तेच बघायला आलेय. तुम्ही रोजच्यासारखं छापा. माझ्यासाठी हळू नको."

"हळू? तीनला इथं हळू कोण असतंय!"

भोंगा झाला. जाणाऱ्यांची रांग एका संगणकापाशी, येणाऱ्यांची दुसऱ्या. सुजितने बटण दाबले. तनुजाने प्रत्येक लेबलाची वेळ नोंदली, सव्वातीनपर्यंत.

लेबले चौसष्ट निघाली. सर्वांत लवकरचे चार सेकंदांत आले, सर्वांत उशिराचे नऊ सेकंदांत, प्रिंटरच्या दहाच्या आत.