कुलपाकडे बघणारी माणसं

दाराबाहेर अडकलेल्या माणसाइतका केविलवाणा प्राणी दुसरा नाही, असं चावीवाल्याचं ठाम मत होतं, आणि अशा माणसांवरच त्याचं घर चालत असूनही तो त्यांचा मनापासून तिरस्कार करी. टॉवेल गुंडाळून जिन्यात ताटकळणारे साहेब, कचरा ठेवायला बाहेर आल्या आणि वाऱ्याने दार लागलं म्हणून रडकुंडीला आलेल्या बायका, या सगळ्यांना तो आधी नीट न्याहाळून घेई आणि मगच हत्यारांची पिशवी उघडत असे. खरा घरमालक कुलपाकडे बघतो, लबाड माणूस माझ्या तोंडाकडे बघतो, हा त्याचा नियम होता.

नियमामागे अनुभव होता. फार वर्षांपूर्वी एका गोडबोल्या गृहस्थाला त्याने हसतखेळत दार उघडून दिलं होतं. आत त्या गृहस्थाची बायको त्याच्याच धाकाने दडून बसली होती. पुढे काय झालं ते चावीवाल्याने जिना उतरताना ऐकलं, आणि तो उतरतच राहिला. गृहस्थ सगळा वेळ आपल्या तोंडाकडे बघत होता, एवढाच बोध त्याने त्यातून घेतला. आपण परत वर जायला हवं होतं, हे काही त्याच्या डोक्यात शिरलं नाही. अनुभवाने माणूस शहाणा होतो असं आपण उगाच समजतो. हा नुसता आखडू झाला.

त्या दुपारी तिसऱ्या मजल्यावर बोलावणाऱ्या बाईच्या पायांत दोन वेगळ्या चपला होत्या.

"दादा, आई आत पडलीय. मघाशी हाकेला ओ देत होती, आता देत नाही."

ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. डोळे मिटत नव्हते, हलत नव्हते.

"घर तुमचं आहे कशावरून? कागद दाखवा."

"कागद आतच आहेत ना."

"सगळे हेच म्हणतात," तो म्हणाला, आणि पिशवी खांद्याला लावून वळला. तेवढ्यात दाराच्या आतून, अगदी खाली जमिनीलगत, कुणीतरी दोनदा ठोकलं. आत साथीदारही आहे तर, असं म्हणून तो स्वतःच्या हुशारीवर खूश झाला. जिना उतरताना वरून काही ऐकू आलं नाही. ती बाई साधी रडलीही नाही, हे मात्र त्याला थोडं चमत्कारिक वाटलं.

घरी पोचला तेव्हा जिन्यात अजून ऊन होतं. त्याने स्वतःच बसवलेल्या कुलपात किल्ली गेली, पण फिरेना. त्याने काढून पुसली, पुन्हा घातली. मग बेल वाजवली. साखळी न काढता बायकोने दार बोटभर उघडलं.

"कोण हवंय?"

"अगं, मी. आपल्याच घराची किल्ली लागत नाहीये."

ती नुसती बघत राहिली, दारोदार साबण विकणाऱ्याकडे बघावं तशी. आत कुणीतरी हत्यारांची पिशवी जमिनीवर टेकवली. तो खळखळाट त्याच्या ओळखीचा होता. त्याने खांदा चाचपला. पिशवी तिथेच होती.

"आत कोण आहे?" त्याने विचारलं, आणि आपला आवाज जिन्यातल्या त्या सगळ्या माणसांसारखा झालाय, हे त्याच्या लक्षात आलं. त्याला स्वतःची किळस आली, आणि मग भीती वाटली.

बायकोने मान वळवली. "अहो, बाहेर कुणीतरी आलंय. हे माझंच घर आहे म्हणतंय."

आतून त्याचाच आवाज आला, कंटाळलेला, शांत. "कुठे बघतोय तो?"

बायकोने फटीतून त्याच्याकडे नीट पाहिलं. कुठे बघायचं हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. कुलूप तिच्या हाताखाली, वीतभर अंतरावर होतं. त्याने नजर खाली घ्यायचा प्रयत्न केला. पण आयुष्यभराची ओळख तिच्या चेहऱ्यावर कुठेतरी उरली असेल, या आशेने डोळे तिथून हलेनात.

"माझ्या तोंडाकडे," ती म्हणाली, आणि दार हळूच लागलं.