काजांच्या मापाने बेतलेलं वाद्य

मित्रांनो, मी एक जुना बिस्किटांचा डबा आहे. तोंडाला पाणी सुटू देऊ नका, बिस्किटं केव्हाच संपली. आता माझ्यातून झाडूचा दांडा आरपार गेलाय, वर एक तार ताणलेली आहे आणि मला क्षणभर स्वस्थ बसवत नाही. रस्त्यावरून गाडी गेली तरी माझी तार उगाच थरथरते.

पूर्वी मी एका शिंप्याच्या दुकानात बटणं सांभाळायचो. त्याची मुलगी चिमणी शाळेच्या वाद्यवृंदात जायला उतावीळ झाली होती. वाद्य मात्र ज्याचं त्याने आणायचं होतं.

"विकत कशाला? मी शिवून देतो की!" शिंपी म्हणाला.

त्याने बटणं बरणीत ओतली, मला भोकं पाडून दांडा घातला, सायकलच्या ब्रेकच्या तारेतला एक पेड आकड्याने ताणला आणि त्याखाली रिकामं रीळ सरकवलं. बोटं कुठे दाबायची हे कळावं म्हणून दांड्यावर बारा काड्या चिकटवल्या. अगदी टेपने मोजून, शर्टाच्या काजांसारख्या, सारख्या अंतरावर.

तिथेच घोळ झाला. वरच्या सुरांची घरं जवळजवळ येत जातात, हे त्या बिचाऱ्याला काय ठाऊक? चिमणीने वाजवलं आणि मी असा किंचाळलो की शेजारच्या काकूंनी खिडकी लावून घेतली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाबा, वरचे सूर फारच चढतायत. काड्या चुकल्यात वाटतं."

"वीस वर्षांत माझं एक काज इकडचं तिकडं झालं नाही! तुझा हात बसला नाही अजून. वाजव."

निवड शनिवारी होती. काड्या ठेवाव्यात तर निवड हुकणार, काढाव्यात तर बाबांचं मन मोडणार. गुरुवारी बाबा बाहेर गेल्यावर चिमणीने रडत रडत बाराही काड्या उपटल्या. मग मशीनवरचं अंगुस्तान, सुई टोचू नये म्हणून शिंपी बोटात घालतात ती धातूची टोपी, करंगळीत चढवलं आणि तारेवरून सरकवलं. कान सांगेल तिथे ती थांबायची. अहाहा! हा आवाज माझाच, यावर माझाच विश्वास बसेना. शनिवारपर्यंत तिने मला गवसणीत लपवून ठेवलं.

निवडीला शिंपी मागच्या बाकावर बसला होता. टाळ्या पडल्या, पण चिमणी बाबांकडेच बघत होती. तो पुढे आला आणि त्याने दांड्यावरून हात फिरवला.

"काड्या कुठायत?"

"काढल्या. रागावलात?"

त्याची नजर तिच्या करंगळीवर गेली. "अगं, हे माझं अंगुस्तान! दोन दिवस घर डोक्यावर घेतलंय मी!" मग खाली बघत म्हणाला, "राहू दे तुझ्याकडेच. माप माझंच चुकलं."

असं तो याआधी कधी म्हणाला नव्हता.

चिमणी आता शिकायला परगावी आहे आणि मी कपाटावर. शिंपी मला रोज पुसतो, पण तार सैल करत नाही. लेकीने लावलेला सूर उतरेल ना! पण इकडे माझा दांडा वाकत चाललाय हो. मित्रांनो, घरातलं वाद्य वाजवा, नाहीतर तार उतरवून त्याला निजू तरी द्या. ताणून ठेवून विसरू नका. आणि चिमणी भेटलीच कुठे, तर तिला एवढं सांगा, बाबा तुझ्या सुराला हात लावत नाहीत, तूच एकदा येऊन जा.