प्रश्न : नाहीत

पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या त्या कारखान्यात बैठकांचं गुऱ्हाळ सकाळी नऊला सुरू व्हायचं, ते संध्याकाळचा चहा निवला तरी थांबायचं नाही. प्रत्येक बैठकीत कोपऱ्यात वही उघडून एक बाई बसलेली असायची. सगळे तिला टिपणबाई म्हणत. एकोणीस वर्षं बोलणारे बोलून मोकळे होत होते आणि लक्षात ठेवायचं काम हिच्या गळ्यात.

एक दिवस साहेबांनी तिला बोलावलं. "कुठल्या बैठका बंद करून नुसतं लिहून भागेल, ते तुम्हीच ठरवा. तुमच्याइतक्या बैठका सोसल्यात कुणी?"

बाई हरखून गेली. तिचं मत आजवर कुणी विचारलं नव्हतं. घरी ताईला सांगितलं. डोळे अधू झाल्यापासून ताईचं शिवणकाम सुटलं होतं आणि घर धाकटीच्या पगारावर चाललं होतं. ताई म्हणाली, "अगं, बैठका गेल्या तर टिपणं कसली घेशील? बसलीस तीच फांदी तोडतेयस."

"लिहायला तरी कुणी लागेलच ना," बाई म्हणाली.

ती जुन्या वह्या घेऊन बसली. प्रत्येक टिपणाच्या शेवटी 'प्रश्न' अशी ओळ असे. तिनं सरळ नियम केला: जिथे कुणी काही विचारत नाही, ती बैठक लिहून भागते. सोमवारचं विक्रीचं चऱ्हाट गेलं. मेकॅनिक शंभर शंका काढायचा, म्हणून यंत्रांची बैठक राहिली. चौदापैकी अकरा बैठका उडाल्या. एक मात्र तिनं नियम न लावताच ठेवली: कामावरून कमी केल्याचं सांगायची. कारणाच्या जागी लिहिलं, 'समोर माणूस असतो.'

साहेब हसले. "नियम सगळ्यांना सारखा हवा, बाई. त्या बैठकांची टिपणं काढा बघू."

तिनं काढली. नऊ बैठका, आणि तिच्याच सुबक अक्षरात नऊ वेळा 'प्रश्न : नाहीत'. एका पॅकरनं रिकामा ग्लास दोनदा तोंडाला लावला होता. कटिंगवाले काका टोपी पिळत राहिले होते आणि त्यांचे ओठ नुसतेच हलत होते. हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं, वहीत घेतलं नव्हतं.

"साहेब, प्रश्न होते. त्यांना विचारता आले नाहीत."

"मग तुम्ही लिहिलं का नाही?"

बाईनं वही मिटली. ती बैठकही बंद होऊन नुसत्या लिहिण्यावर आली. संगणकावरचा नमुना तिनंच तयार केला. कारण, शेवटचा दिवस, आणि खाली प्रश्नांसाठी एक चौकट. चौकट त्याच दिवशी पाचला आपोआप बंद व्हावी, ही सोयही तिचीच. सगळ्यांनी तिचं कौतुक केलं.

दोन महिन्यांनी, दुपारी सव्वाचारला, तोच नमुना तिच्या पडद्यावर आला. कारण : बैठका कमी झाल्याने टिपणांचे काम उरलेले नाही.

केबिनच्या काचेपलीकडे, दहा पावलांवर, साहेब मान खाली घालून काही वाचत होते. तिला खूप विचारायचं होतं. ताईला काय सांगू, हे सगळ्यात आधी. पण ते चौकटीत कसं लिहायचं? तिनं 'साहेब' एवढं लिहिलं, खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. तोंड कोरडं पडलं म्हणून ग्लास उचलला, तर तो रिकामा होता.

पाच वाजले. चौकट मिटली आणि तिथे उमटलं, प्रश्न : नाहीत.