गेणबाचा तरवड

घटस्थापनेच्या सकाळी सणसरच्या गेणबानं अंगणातल्या तरवडाला सणसणीत शिवी हासडली. झाड डोक्याच्या वर गेलेलं, पाला असा दाट की खाली शेळी बसली तर दिसू नये. आणि फूल? औषधालासुद्धा नाही.

"त्याला शिव्या दिऊन काय हुतंय? बांधावरची झुडपं कुनी जाळली?" बायको लीलाबाई उंबऱ्यातून कडाडली.

तीन वर्षांमागं उसाच्या बांधावर तणनाशक त्यानंच मारलं होतं. तिथं तरवड आपोआप यायचा. शेळी त्याला तोंड लावत नाही, पाऊस रुसला तरी तो हटत नाही. कातडं कमवणारे त्याची साल सोलून न्यायचे, पाय मुरगळला की गेणबाची आई पाल्याचा लेप बांधायची. आणि घटाची पहिली माळ त्याच्याच पिवळ्या फुलांची, हा घरचा रिवाज. दोन नवरात्रं झेंडूवर भागवली, तेव्हा लीलाबाई माळ ओवताना रडली होती. औंदा तरवड नसला तर घटच बसवणार नाही, असं तिनं सासूच्या फोटोपुढं सांगून टाकलं होतं.

तसा गेणबानं जिवाचा आटापिटा केला होता. लासुर्ण्याच्या माळावरनं शेंगा आणून रोपं केली. जोमदार होतं ते अंगणात लावलं, एक मरतुकडं घरामागच्या मुरमाच्या ढिगावर फेकून दिलं. अंगणातल्याला ठिबक, शेणखत, वर युरिया. उसात जन्म गेलेल्या माणसाला दुसरं सुचणार तरी काय?

"गेणबा, ह्याला कारखान्यावर घाल," शेजारचे मोहनराव कुंपणापलीकडून म्हणाले. "टनेज चांगलं भरंल."

"तुमी गप ऱ्हावा, मोहनराव! पोटच्या पोरावानी पाजलं, आन ह्यो बघा, नुसता माजलाय! आज ठिवतच न्हाय ह्याला!"

गेणबा तणतणत कुऱ्हाड आणायला घरामागं गेला आणि तिथंच थबकला. मुरमाच्या ढिगावर, कधी कुणी तांब्याभर पाणी न घातलेलं ते मरतुकडं रोप कमरेएवढं होऊन पिवळंधमक फुललं होतं. गेणबाला आनंद झाला, पण आधी रागच आला.

"अगं ए! पाटी आन, पाटी!"

लीलाबाई आली, बघितलं आणि तिनं डोळ्याला पदर लावला. माळेपुरती फुलं निघाली. घट बसला, माळ चढली.

हात जोडून गेणबा उठला तो थेट हौदाकडं. "बिचारं उपाशी ऱ्हायलं गं आजवर," म्हणत भरली बादली घेऊन मागं निघाला.

आरतीचं ताट ठेवून लीलाबाई धावली. "ठिवा! ठिवा ती बादली खाली! त्याच्याकडं फिरकायचं न्हाय तुमी!"

गेणबानं बादली खाली ठेवली. मग ती उचलून त्यानं गुपचूप अंगणातल्या तरवडाच्या बुडात ओतली.