वरचं नाव एक, आतला माल दुसरा

मी एक काचेची बरणी. तोंडाने रुंद, अंगाने गोल आणि स्वभावाने संशयी. माणसं मला उघडतात, आत डोकावतात, हुंगतात आणि मगच चमचा घालतात. मीही त्यांच्याकडे तसंच बघते. हा हात धुतलेला आहे का? हा चमचा आधी कुणाच्या तोंडात जाऊन आलाय का? पुष्कळदा आलेला असतो.

माझा जन्म भट्टीतला. अंग निवतंय न निवतंय तोच मला एका कारखान्यात नेलं. तिथे तेल, अंडी, व्हिनेगर, मीठ आणि साखर घुसळून केलेलं पांढरंशुभ्र मेयोनीज माझ्या पोटात भरलं. बहुतेक सगळं तेलच. पण माझ्या अंगावर जो कागद चिकटवला त्यावर होतं हिरवंगार कुरण आणि उगवता सूर्य. आत कुरणाचा पत्ता नव्हता. तेव्हापासून मला चित्रांवर भरवसा नाही.

दुकानाच्या फळीवरून मला उचललं ते अप्पांनी. अप्पा म्हणजे बसमधले निवृत्त तिकीट तपासनीस. प्रवासी कसा बसलाय यावरूनच ते ओळखत की ह्याच्याकडे तिकीट नाही. नोकरी सुटली, पण नजर सुटली नाही. दूधवाला, लिफ्ट, घड्याळ, हवामानाचा अंदाज, सगळ्यांवर त्यांचा सारखाच संशय. विश्वास फक्त माझ्यावर. बायको गेल्यापासून त्यांच्या तोंडाला चव नव्हती, ती माझ्यामुळे परतली. पाव असो, उकडलेला बटाटा असो, काकडी असो, सगळ्यावर पांढरी गोधडी पांघरूनच ते जेवत.

मग एक दिवस भाजीची पिशवी घेऊन जिना चढताना त्यांच्या छातीत कळ आली. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि बजावलं, "आजोबा, तेलकट कमी, खारट कमी. आणि ते बरणीतलं तर बंदच."

मुलाने त्याच संध्याकाळी मला ओट्याखाली पातेल्यांमागे दडवलं. अप्पांनी मला चहा उकळायच्या आत शोधून काढलं. मुलगा लिफ्ट दुरुस्त करणारा, तिसऱ्याच माळ्यावर अडकलेल्या माणसासारखा चेहरा करून उभा राहिला. "हे मिळणार नसेल तर मला जेवायचंच नाही," अप्पा म्हणाले, आणि खरंच ताट सरकवून उठले. दुसऱ्या दिवशीही जेवले नाहीत.

तेव्हा सूनबाईंनी मला हातात घेतलं. त्या चष्म्याच्या दुकानात काचा घासतात, त्यामुळे हात हलका. उरलेलं मेयोनीज त्यांनी काढून टाकलं, मला आतून गरम पाण्याने धुतलं, पण कागदाला पाणी लागू दिलं नाही. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हाच. आतून धुवायचं आणि बाहेरून जपायचं, ह्यात सरळ काही नसतं.

"अगं, अप्पांना फसवणार तू? अप्पांना?" मुलगा दबक्या आवाजात म्हणाला.

"मग तू सांग त्यांना समजावून. जा."

तो गेला नाही.

पहिल्या खेपेला त्यांनी मेयोनीजच्या जागी माझ्यात दही भरलं, पण ते नीट गाळलं गेलं नव्हतं. जेवताना झाकण उघडलं तर वर पाणी तरंगतंय.

"हे पातळ कसं झालं?" अप्पांनी विचारलं.

"फ्रिज बिघडलाय वाटतं," सूनबाई म्हणाल्या. झालं! बिचारा मुलगा सगळी संध्याकाळ स्क्रू-ड्रायव्हर घेऊन चांगल्या फ्रिजसमोर बसला.

पुढच्या खेपेला त्यांनी दही फडक्यात बांधून टांगलं. पाणी निथळून घट्ट चक्का झाल्यावर त्यात भाजलेला लसूण, वाटलेली मोहरी, लिंबू, मिरपूड आणि जेमतेम चमचाभर तेल घालून फेटलं. कधी दह्याऐवजी उकडलेले काबुली चणे मऊ वाटले, सैल करायला त्यांचंच पाणी. ते लोण्यासारखं मऊ होतं, पण रंगाने जरा पिवळं. अप्पांनी मला खिडकीशी नेऊन खोटा पास धरावा तसं उजेडात धरलं. मग पावाला फासताना हात थोडा आखडला.

पाणी कुठेतरी मुरतंय हे त्यांना कळलं होतं. कुठे, ते एका दुपारी घरात कुणी नसताना कळलं. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी माझं झाकण डोळ्यांजवळ आणलं आणि त्यावरची तारीख वाचली. ती कधीच उलटून गेली होती. आणि मी काठोकाठ भरलेली!

अप्पा खुर्चीत बसले. माझ्याकडे एकटक बघत त्यांनी सगळे धागे जुळवले. नवराबायको कुजबुजतात आणि आपण आलो की गप्प होतात. ह्या बरणीतलं ती दोघं कधी खात नाहीत. "नासकं घालतायत मला," ते पुटपुटले. "म्हातारा आटपला की खोली मोकळी."

माझ्या पोटात काय होतं ते मला ठाऊक होतं. तरी त्यांचा आवाज ऐकून क्षणभर मलाच माझ्या लसणाचा संशय आला.

त्या दिवसापासून अप्पा कोरडा पाव खाऊ लागले. "भूक नाही," एवढंच उत्तर. सूनबाईंना वाटलं दुखणं वाढलं. त्या कामावरून लवकर येऊ लागल्या, दर दोन दिवसांनी माझ्यात ताजं भरू लागल्या, त्यांच्या उशाशी पाणी ठेवू लागल्या, कपाळाला हात लावून बघू लागल्या. त्यांनी जितकं जास्त केलं, तितका अप्पांचा संशय बळावला. एवढी माया एकदम कुठून आली?

शेवटी त्यांनी मला कापडी पिशवीत घातलं आणि दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर मला आपटलं.

"तपासा. घरात मला काय चारतायत ते कळू दे."

डॉक्टरीणबाईंनी झाकण काढून हुंगलं. घसा बघायची लाकडी पट्टी घेतली, माझ्यात बुडवली आणि चक्क जिभेवर ठेवली. अप्पा ओरडलेच, "अहो, थुंका!"

"कशाला? लसूण भाजून घातलाय, सुरेख लागतंय. दही आहे हे, आजोबा. काल-परवा केलेलं, ताजं. मी बंद करायला सांगितलेलं तुमच्या घरी कुणीतरी खरंच बंद केलंय."

अप्पा हसले नाहीत. सुटकेचा निःश्वासही सोडला नाही. बाहेरच्या बाकावर मला मांडीवर घेऊन ते बराच वेळ बसून राहिले.

सूनबाई घरी आल्या तेव्हा मी टेबलावर होते आणि अप्पा समोर.

"हे दही आहे," ते म्हणाले.

त्यांची पर्स खांद्यावरच राहिली. "हो."

"केव्हापासून?"

"तुम्ही जेवण सोडलंत तेव्हापासून."

"मला वाटलं, तुम्ही मला मारताय."

सूनबाईंनी पर्स खुर्चीवर टाकली. "माझ्याबद्दल असं वाटलं तुम्हाला, अप्पा?"

"वर एक नाव, आत दुसरं. तारीख उलटलेली. घरात कुजबुज. मी काय समजायचं?"

"मला विचारायचंत!"

"आणि तू? तू विचारलंस मला?"

"विचारलं असतं तर खाल्लं असतंत?"

खोटं बोलणं अप्पांना येत नसावं, निदान त्या दिवशी तरी. "नसतं खाल्लं. भांडलो असतो. ताट भिरकावलं असतं. पण मग भांडायचं होतंस गं माझ्याशी. घरात चोरासारखं वागवलंस मला, सूनबाई. आणि मीही तुला चोर ठरवून बसलो."

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. डोळे पुसले आणि लगेच पुढे म्हणाल्या, "पण विष? विष, अप्पा? लसूण सोलून सोलून माझी नखं बघा कशी झालीयत!"

अप्पांनी नखं खरोखर चष्मा लावून बघितली. मग मला नळाखाली धरलं आणि अंगठ्याने माझा कागद खरवडायला लागले. कुरण गेलं, सूर्य गेला. डिंकाचे डाग तेवढे राहिले.

"आता कर," ते म्हणाले. "माझ्यासमोर. तेल घालताना मला दाखव."

तेव्हापासून दही अप्पाच टांगतात आणि फडक्याखाली भांडं ठेवून पहारा देतात. लसूण वारेमाप घालतात, मुलगा नाक मुरडत खातो. सगळे एकाच बरणीतलं खातात, मात्र संशय गेलाय म्हणाल तर नाही. मध्यंतरी कपडे धुवायला टाकताना अप्पांच्या कोटाच्या खिशात मेयोनीजची इवलीशी पुडी सापडली. सूनबाईंनी ती सगळ्यांसमोर टेबलावर ठेवली.

"बसमध्ये कुणीतरी टाकली असेल," अप्पा म्हणाले. आयुष्यभर लोकांच्या सबबी ऐकलेल्या माणसाने इतकी फुटकी सबब द्यावी!

सूनबाईंनी आवाज चढवला. अप्पांनीही चढवला. मुलगा ताट घेऊन बाल्कनीत गेला. शेजारणीने भिंतीवर टकटक केली. भांडण चांगलं रंगलं, आणि ते संपल्यावर दोघं एकाच बरणीत चमचे घालून जेवले. इतकं शांत जेवण मी त्या घरात पाहिलं नव्हतं.

परवा अप्पांच्या हातून मी नळावर आपटले आणि माझ्या काठाचा टवका उडाला. अन्नात काच जायला नको म्हणून मला रिकामी करून दाराशी ठेवलंय. सकाळी काच गोळा करणारी गाडी येईल. पुन्हा भट्टी, पुन्हा साचा. पुढच्या जन्मी माझ्या पोटात काय भरतील आणि अंगावर कसलं चित्र चिकटवतील, ह्याची मला आत्तापासूनच शंका आहे.

जाता जाता एवढंच सांगते. आपल्या माणसाच्या पानात त्याच्या भल्याचं जरूर वाढा, पण वाढताना ते काय आहे ते त्याला सांगा. चिडेल तो. चिडू द्या.